अर्धवट राहिलेल्या तपासण्या

सात इस्पितळांतल्या दुर्बिणीच्या तपासण्या एकाच जागी नोंदवणारी यंत्रणा मी बांधली, आणि तिच्या पहिल्याच तक्त्यात माझ्या सख्ख्या ताईचं इस्पितळ तळाला गेलं.

तक्ता साधा होता. मोठ्या आतड्याची ती वळणावळणाची, अंधारी वाट. दुर्बीण तिच्या टोकापर्यंत किती वेळा पोचली? इतरांकडे जवळजवळ नेहमीच. ताईकडे मात्र बरेचदा वाटेतच थांबलेली. दुपारी सगळे डॉक्टर जमणार होते. काम कच्चं दिसेल ते इस्पितळ गटातून वगळायचं ठरलं होतं.

मी तिच्या तपासणीच्या खोलीत गेलो. धुतलेल्या दुर्बिणी कपाटात टांगल्या होत्या, न्हालेल्या पोरींच्या वेण्यांसारख्या लांब, काळ्या.

"ताई, अर्धवट राहिलेल्या तपासण्या काढून टाकू? एक बटण दाबायचंय."

"आणि ती माणसं? तीही काढतोस?"

"नाक कापलं जाईल तुझं."

"जाऊ दे. चष्मा कशावर टेकवायचा तेवढं बघ." मग हळू म्हणाली, "पोट नीट साफ नसलं, पेशंटला सोसेना, की मी थांबते. थांबले की तसं लिहिते. पुन्हा बोलावते, तेही लिहिते."

बैठकीत तक्ता भिंतीवर उजळला. सगळ्यात मोठ्या इस्पितळाचे सर, ज्यांना सगळे मागून आजोबा म्हणतात, खाकरले. "डॉक्टरीणबाई, हात थरथरतो की काय तुमचा?"

ताई उठली. "थरथरत नाही, सर. थांबतो. तुमच्याकडे तपासणी अर्धी राहिली तर काय लिहिता?"

"काही नाही. पुन्हा बोलावून पूर्ण झाली, की मग..." आजोबांची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे वळली.

"आम्हीही तसंच करतो," शेजारची डॉक्टर पुटपुटली. एकेक मान हलत गेली.

"म्हणजे कोणाला का दुखलं, कोणाला जुलाबाचं औषध दुसऱ्यांदा प्यावं लागलं, हे फक्त हिच्याच इस्पितळाला ठाऊक," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अरे, अर्धवटांसाठी रकाना कर. सक्तीचा. त्यात काय काय विचारायचं ते हिच्याकडून घे."

पुढच्या तक्त्यात सगळेच खाली उतरले, ताईच्या शेजारी येऊन बसले. गळालं कोणीच नाही.

परवा गटात नव्याने आलेल्या एका डॉक्टरने वैतागून विचारलं, "हा सक्तीचा रकाना कोणाच्या डोक्यातून निघाला हो?"

"माझ्या ताईच्या," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.