आढ्यावरचा पेंढ्याचा बाप्या

नॉर्वेतल्या नामसोसच्या बंदराजवळ रॉग्नवाल हाउगेरूड सदनिका बांधत होता. करारात त्यानं एक वाक्य ठळक छापून घेतलं होतं : मॉडेलात नाही ते इमारतीत नाही. मॉडेल म्हणजे संगणकात आधी उभी केलेली सबंध इमारत. सुतारानं तुळया, नळवाल्यानं नळ, वायरमननं तारा आधी तिथं बसवायच्या. दोन वस्तू एकमेकींत घुसल्या की लाल होतात आणि मंगळवारच्या बैठकीत भांडण मिटतं. एकाची वस्तू दुसऱ्यानं पुसायची नाही, हा नियमही हाउगेरूडचाच.

आमच्याकडे छपराचं आढं चढलं की मालक कामगारांना जेवू घालतो. आढं चढलं तसा सुतारांचा मुकादम ऑडवार हाउगेरूडकडे गेला.

"जेवण कधी, रॉग्नवाल?"

"मॉडेलात आहे का ते?"

"नाही."

"मग इमारतीतही नाही." हाउगेरूड स्वतःच्या विनोदावर हसला.

ऑडवार हसला नाही. जेवण चुकवणाऱ्या मालकाच्या आढ्यावर पेंढ्याचा बाप्या उभा करायची रीत आहे. येणारा-जाणारा बघतो आणि समजायचं ते समजतो. ऑडवारनं बाप्या मॉडेलात उभा केला. टोपीसकट.

इथवर चेष्टा होती. पण मॉडेलात आलेल्या वस्तूकडे कानाडोळा करणं आमच्या लोकांना जमत नाही. अभियंत्यानं टोपीवर साठणारा बर्फ छपराच्या भारात धरला. पेंढा पेट घेतो, म्हणून अग्निसुरक्षेच्या सल्लागारानं बाप्याला धुराच्या झडपेपासून लांब हलवायला लावलं. हलवला, तर त्याचा डावा हात छपराबाहेर निघालेल्या हवेच्या नळीत घुसला आणि लाल झाला.

मॉडेल सांभाळणारी सिन्नोवे मंगळवारी बैठकीत म्हणाली, "पुढचा मुद्दा. बाप्याचा हात."

"नळी वळवतो की," हवेच्या नळ्यांचा कंत्राटदार म्हणाला. "खर्च मालकाकडे."

हाउगेरूड उसळला. "पूस ते ध्यान! शनिवारी गिऱ्हाइकं येतायत. मोठ्या पडद्यावर हेच मॉडेल दाखवायचंय मला!"

"मला नाही पुसता येत," सिन्नोवे म्हणाली. "वस्तू ऑडवारची. नियम तुझा."

"ऑडवार!"

"पुसतो ना. पण कारण लिहावं लागतं. 'जेवण दिलं' असं लिहू?"

"दिलंय कुठं अजून?"

"तेच म्हणतोय मी."

कोणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. शनिवारी येणारी गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक म्हातारी जोडपी. बाप्याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नसता.

"शुक्रवारी," हाउगेरूड पुटपुटला. "सूप ठेवू."

"मेंढीचं मटण आणि कोबी."

"बरं बाबा, मटण!"

"तोंडी नको," वायरमन मागून ओरडला. "मॉडेलात घाला!"

सिन्नोवेनं तिसऱ्या मजल्यावर टेबलं-खुर्च्या मांडल्या. पडदा लालभडक झाला. शुक्रवारी तिथं आडभिंत उभी राहायची होती, नेमकी टेबलांच्या मधोमध.

"अरेरे!" हाउगेरूडचा चेहरा उजळला. "भिंत आहे की तिथं. आता काय करणार?"

सगळ्यांनी भिंतीच्या कंत्राटदाराकडे पाहिलं. गेल्या तीन बैठकांत त्यानं कुणासाठी अर्धा दिवससुद्धा सोडला नव्हता.

"भिंत सोमवारी," तो म्हणाला. "ती काही गार होत नाही."