सातवी पायरी

माझ्या वहिनींना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून त्या कानांत इअरफोन घालून एका दवाखान्याचे फोन घेतात, लोकांना डॉक्टरांच्या वेळा देतात. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांच्या लॅपटॉपवर आहे, त्याला घरात आम्ही ‘बोलका’ म्हणतो. बोलका आहे म्हणून नोकरी आहे.

हा बोलका फुकट मिळतो. जगभरातले हौशी लोक असे प्रोग्राम लिहितात आणि आमच्यासारखे दुसरे हौशी लोक त्यांना काय काय लागतं ते जोडून, नीट बांधून एका संग्रहात ठेवतात, म्हणजे कुणालाही ते आयते बसवता येतात. याला आम्ही पॅकेज करणं म्हणतो. बोलक्याचं पॅकेज मी करतो, आणि ते काम सरळ नाही. त्यात प्रोग्राम लिहायच्या तीन भाषा आहेत: गाभा सीमध्ये, आवाज पायथनमध्ये आणि सेटिंगची खिडकी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली. सी जुन्या वळणाची, तिला काय हवं ते स्वतःहून सांगणार नाही. पायथनला अमुकच आवृत्ती पाहिजे, दुसरी दिली की रुसलं. आणि जावास्क्रिप्टमध्ये एक तुकडा घेतला की त्याला आणखी शेकडो लागतात, म्हणजे एकाला जेवायला बोलवावं तर तो गल्लीतले दोनशे जण घेऊन दारात हजर!

यंदा संग्रह सांभाळणाऱ्या आमच्या समितीनं नियम काढला. ज्या पॅकेजची बांधणी एकालाच येते, ते महिनाअखेरीला संग्रहातून बाहेर. बाहेर गेलं की नव्या आवृत्त्या बंद, आणि जुना बोलका दवाखान्याच्या बदलत्या प्रोग्रामपुढे किती दिवस टिकणार? ठेवायचं असेल तर दुसरा माणूस तयार करा, आणि तो निव्वळ लेखी मार्गदर्शिकेवरून शिकलेला हवा. नियम चांगला होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला.

मार्गदर्शिका मी लिहिलेली होतीच, तिन्ही भाषांसाठी, मुद्देसूद. तीन जणांनी ती वाचून प्रयत्न केला. तिघंही सातव्या पायरीवर अडकले, तिघांनी मला विचारलं आणि तिघांनाही मी एकच उत्तर धाडलं, ‘नीट वाचा.’ तिघंही पुन्हा फिरकले नाहीत. हल्ली कुणाला वाचायलाच नको, असं मी दादापुढे तावातावानं बोलत होतो. वहिनी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“मला द्या की ती,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, अहो ते तुम्हाला...”

“काय मला? नोकरी माझी जातेय, भाऊजी. तुमची नाही.”

मी एक जुना लॅपटॉप पार कोरा केला, त्यावर बोलका आणि बांधणीला लागणारी नेहमीची साधनं बसवली आणि रविवारी सकाळी त्यांच्यापुढे ठेवला.

पहिल्या तासाभरातच माझी मार्गदर्शिका उघडी पडली. “‘तांबड्या ओळी बदला’ म्हणे. तांबड्या कुठल्या?” मी ओळींचे आकडे घातले. “‘वर दाखवल्याप्रमाणे’ म्हणजे? मला वर नाही, खाली नाही, फक्त आधी आणि नंतर आहे.” मग म्हणाल्या, “आणि तो ‘फक्त’ काढा हो. ‘फक्त एवढंच करा’ म्हणता आणि पुढे अकरा ओळी येतात. माणसाला वाटतं आपणच मठ्ठ.”

दादा चहा घेऊन आला तो हसायलाच लागला. मी त्याच्याकडे डोळे वटारले.

सातव्या पायरीवर एक आज्ञा टाईप करायची होती, बांधलेलं पॅकेज तपासणारी. वहिनींनी केली. बोलका म्हणाला, अशी आज्ञा नाही.

“टाईप करताना चुकलं असेल,” मी म्हणालो.

त्यांनी एकेक अक्षर बोलक्याकडून वाचून घेतलं. तंतोतंत बरोबर. मी माझ्या कॉम्प्युटरवर तीच आज्ञा दिली, चालली. म्हटलं लॅपटॉपच खराब. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “ही आज्ञा येते कुठून? कोणी बनवली?”

मी शोधायला गेलो आणि जागच्या जागी थिजलो. ती मीच बनवली होती. अकरा वर्षांपूर्वी, माझ्या सोयीसाठी लिहिलेला चाळीस ओळींचा तुकडा. रोजच्या वापरात इतका मुरला की तो सगळ्या जगाकडे असतो असंच मी धरून चाललो होतो. पृथ्वीच्या पाठीवर ती आज्ञा फक्त माझ्या टेबलावर चालत होती.

“त्या तिघांना तुम्ही काय कळवलंत म्हणालात?”

खरं सांगतो, लाज वाटली. तिघं हुशार होते, माझ्या चुकीशी प्रामाणिकपणे झगडले होते, आणि मी त्यांना हाकलून दिलं होतं.

मग आम्ही ती मार्गदर्शिका मुळापासून लिहिली, वहिनींचे फोन संपल्यावर रोज दोन तास. म्हणजे लिहायचो मी, पण वाक्य त्यांच्या कानाला पटेपर्यंत पुढे सरकत नसे. प्रत्येक पायरीला त्या ‘का?’ विचारत. सीसाठी काय शोधायचं, कुठे शोधायचं. पायथनची आवृत्ती कुठे पाहायची. जावास्क्रिप्टच्या त्या दोनशे पाहुण्यांची यादी आधीच का करून ठेवायची. ‘कारण बांधणी चालू असताना आम्ही इंटरनेट तोडतो, मधे काही मागवता येत नाही’ हे मला साधं वाटायचं, ते त्यांनी पहिल्या पानावर आणून बसवलं. इतकं स्वच्छ डोकं मी आमच्या समितीतही पाहिलेलं नाही. बारा वर्षं हे काम करतोय, पण ते मला नीट समजलं या बाईंमुळे.

महिना संपायला दोन दिवस होते. बोलक्याची नवी आवृत्ती आली होती. वहिनींनी मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, “तोंड उघडायचं नाही.” तीन तास लागले. दोनदा चुकल्या, दोनदा मार्गदर्शिका मागे नेऊन ऐकली, चूक स्वतःच काढली. पॅकेज तयार झालं. मग त्यांनी ते बसवायला घेतलं, दवाखान्याच्या कामाच्या, रोजच्या लॅपटॉपवर.

जुना बोलका थांबला आणि खोलीत शांतता पसरली. आता तो परत उठला नाही तर पडद्यावर काय अडलंय हे यांना कोण सांगणार? दादा दारात उभा. मला राहवेना, माझा हात पुढे गेला. वहिनींनी खुर्चीच्या करकरीवरून ओळखलं आणि चटकन माझं मनगट धरलं.

मग बोलका बोलला. ‘नवी आवृत्ती सुरू झाली आहे.’

त्यांनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं समितीला मेल टाईप केली, बांधलेलं पॅकेज जोडलं, बोलक्याकडून ऐकून खात्री केली आणि पाठवली. तासाभरात उत्तर आलं. पॅकेज राहील, दुसऱ्या माणसाची नोंद झाली. दादा तर टाळ्याच वाजवायला लागला. मी आपला, जिंकलो वहिनी, जिंकलो, असं काहीतरी बरळत होतो.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “सहा वर्षं तुम्ही नुसते खोकलात तरी मी धसकायचे. भाऊजींना काही झालं तर बोलका कोण बांधणार, माझं कसं, असं वाटायचं. कुणाला बोलले नाही कधी.” आणि माझ्या पाठीत एक धपाटा घालून म्हणाल्या, “आता खोका खुशाल.”