सुलाबाईचं झिंक

"चुना घातलाच हाय, आता कात-सुपारी बी घाल अन् वावराला पान खायला लाव," असं म्हणून गोटीराम बांधावरच पचकन थुंकला.

 सुलाबाई खाचरात उतरून झिंकची पूड वाळूत कालवून फेकत होती. तिचं भात लावणीनंतर तांबडं पडलं होतं, पान न् पान गंजल्यासारखं. गेल्या साली भातामागचे वालसुद्धा खुरटले. शेतकी हपिसातला साहेब म्हणाला होता, जमीन आंबट झालीय, उन्हाळ्यात चुना घाला. भात तांबडं पडलं तर झिंक टाका अन् पाणी अडवून धरा. आंबट म्हणजे कशी, म्हणून निम्म्या गावानं तिची माती चाटून पाहिली. असलं आमचं गाव.

दीर गोटीरामचं खाचर खालच्या अंगाला. त्याचंही भात तांबडंच. त्यानं वाघोबाला कोंबडा कापला, रस्सा स्वतः ओरपला अन् मोकळा झाला.

सांजच्याला तो भावाकडं, सुलाबाईच्या कारभाऱ्याकडं आला. "दादा, वरच्यानं खालच्याचं पाणी अडवू नये. बापाचा शब्द हाय."

कारभारी भावापुढं मेंढरू. फावडं घेऊन गेला अन् बांध फोडून आला.

पंधरवड्यात गोटीरामचं भात हिरवंगार. सुलाबाईचं तसंच. गाव म्हणालं, वाघोबा पावला. कारभाऱ्यानंही घरचा कोंबडा देवासाठी बांधून ठेवला. सुलाबाईनं तो सोडला, घोटीच्या बाजारात विकला अन् परत झिंक आणलं.

"अगं, देवाचा कोंबडा व्हता तो," कारभारी म्हणाला.

"देवाला दात नायत. तुमाला अन् भावजींना हायत. अवो, झिंक माझं, वाहून गेलं त्यांच्या भातात, अन् पावला म्हनं वाघोबा."

कारभारी डोकं खाजवत बसला. ती गेली, पूड फेकली, बांधाचं तोंड चिखलानं बुजवलं अन् इरलं डोक्यावर घेऊन त्या चिखलावरच बसली. मांडीवर विळा.

गोटीराम आला. "वैनी, पाणी सोड."

"वाघोबाकडं मागा. तुमचं लय ऐकतो तो."

"अगं, बापाचा शब्द—"

"मग बापालाच धाडा."

गोटीराम घुटमळला. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "ती पूड घोटीत कुठल्या दुकानात मिळती?"

"आधी चावडीवर सांगा, तुमचं भात कशानं हिरवं झालं. मग सांगते."

गोटीराम निघाला तो चावडीकडं नाही, घोटीच्या वाटेला लागला. सगळी दुकानं पालथी घालील, पण खरं बोलायचा नाही.

सुलाबाईनं बूड हलवलं नाही.