तीन मिनिटांचं चिकन

हिरवी मिनीबस कोपऱ्यावर थांबली तशी सुतयीने सहाव्या मजल्याच्या खिडकीतून मान बाहेर काढली. आई बसमधून उतरली की गॅस पेटवायचा. तिथून लिफ्टची रांग, मग दार, अशी सात मिनिटं. चिकन परतायला तीन. भात कुकरमध्ये तयार होता. आलं, पातीचा कांदा, शिमला मिरची कापून झालेली. कोंबडीच्या मांडीचे पातळ काप सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर चोळून वाडग्यात ठेवलेले.

महिनाभर, सोमवार ते शुक्रवार, हेच चाललं होतं.

शाळा तिने मार्चमध्येच सोडली. वर्गात बसलं की पायांना मुंग्या यायच्या आणि कुणी काही बोललं की डोक्याला. तिला स्वयंपाकाचा कोर्स करायचा होता, पण वय सोळा, त्यामुळे फॉर्मवर आईची सही हवी. आई म्हणाली होती, "तुझं एक खूळ पंधरा दिवस टिकत नाही. महिनाभर मी कामावरून आले की वेळेवर गरम जेवण समोर पाहिजे. एक दिवस चुकलीस तर गुमान शाळेत."

आज शेवटचा शुक्रवार. फॉर्म द्यायची मुदत उद्यापर्यंत.

आई उतरली. तिच्यामागून मोक बाई उतरल्या. सुतयीच्या वर्गशिक्षिका. हातात संत्र्यांची पिशवी, म्हणजे थेट घरीच येत होत्या.

"आजोबा! आईने बाईंना आणलंय. मला परत न्यायला!"

आईचे वडील चाळीस वर्षं हॉटेलात कढईसमोर उभे राहिलेले. आता पेपरातल्या शर्यतीच्या घोड्यांवर पेनाने खुणा करत बसले होते. "म्हणजे एक तोंड वाढलं."

"तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटतंय ना. भूक लागलीय असं वाटतंय."

पाहुणा आला की ताटात काहीतरी वाढवायलाच हवं. एरवी ती धावत खालच्या दुकानातून डुकराचं भाजलेलं मांस घेऊन आली असती, पण आता वेळ कुठला? उद्यासाठी ठेवलेल्या दोन मांड्या तिने काढल्या, खाडखाड कापल्या, वाडग्यात कालवल्या आणि रागाच्या भरात सगळंच्या सगळं कढईत ओतलं.

चर्रर्र झालं, आणि विझलं. बाजूने पाणी सुटलं. चिकन परतलं जायच्याऐवजी पांढरंफटक होऊन रटरटायला लागलं.

"आवाज मेला," आजोबा मान वर न करता म्हणाले.

"माहितीये!"

"सूप करतेयस का?"

तेवढ्यात दार उघडलं. "सुत, बाई आल्यात बघ," आई म्हणाली आणि तिची नजर कढईवर गेली.

सुतयीने कढई उचलली. सगळं सिंकमध्ये ओतायचं, दार आपटायचं आणि निघायचं. तेवढ्यात तिला दिसलं, आई दारातल्या चपला पायाने हळूच बाजूला सारतेय. पोरगी आता तणतणत बाहेर पडणार, तिची वाट मोकळी करून ठेवत होती.

ते बघून सुतयीचं टाळकं अजूनच सणकलं. पण तिने कढई सिंकमध्ये नाही, चाळणीत उपडी केली. पाणी निथळू दिलं. कढई पुसली आणि पुन्हा मोठ्या आचेवर चढवली.

"बसा सगळे. वेळ लागेल."

"अगं, बाईंना ताटकळत ठेवतेस?"

"कढई तापेपर्यंत बाईंनी पण थांबायचं."

"बघा बाई," आजोबा म्हणाले, "तुमच्या वर्गात कधी अशी बोलली का?"

"याहून वाईट बोलायची," मोक बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या.

धूर निघाला तसं तिने तेल सोडलं. अर्धंच चिकन टाकलं, फिरवलं, काढलं. मग उरलेलं अर्धं. मग आलं, मिरची, पात. शेवटी सगळं एकत्र. या वेळी कढई शेवटपर्यंत तडतडत राहिली.

टेबलावर सगळ्यात लहान तीच. तिने रीतीप्रमाणे हाक दिली, "आजोबा, जेवा. बाई, जेवा. आई, जेव." आणि कुणी जेवायच्या काड्या उचलायच्या आत पुढे म्हणाली, "थोडं वातड झालंय. रागात सगळं एकदम टाकलं, कढई गार पडली. चूक माझी."

आईने काड्यांकडे नेलेला हात मागे घेतला. 'चूक माझी' हे या तोंडून तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आईने घड्याळाकडे बघितलं. "आठ मिनिटं उशीर."

"हो."

आईने एक तुकडा खाल्ला. मग दुसरा. मोक बाईंनी न विचारता तिसऱ्यांदा घेतलं.

"फॉर्म आण," आई म्हणाली. "सही करते. आणि आठ मिनिटांचा दंड म्हणून आठवड्यातून दोन संध्याकाळी बाईंची रात्रशाळा."

"हे कुठे ठरलं होतं?"

"पाहुणे येतील हे तरी कुठे ठरलं होतं? निभावलंस ना?"

सुतयीने बाईंकडे बघितलं. "गणित नाही करणार."

"गणित आधी," बाई म्हणाल्या. "मंगळवारी आणि गुरुवारी."

"मग त्या दिवशी चिकन कोण परतणार?"

सगळे आजोबांकडे बघायला लागले. आजोबांनी पेपर तोंडासमोर धरला. "मी रिटायर झालोय."

"मी करेन," आई म्हणाली आणि सहीसाठी पेन शोधायला लागली. "उद्या फॉर्म देऊन आलीस की मला शिकव. आणि ओरडायचं नाही हं."

"बघू," सुतयी म्हणाली आणि आजोबांच्या हातातलं पेन काढून आईला दिलं.