जिन्याच्या वळणावरचे हिरवे स्टूल

मित्रांनो, तो एक साधा मंगळवार होता. संध्याकाळचे सव्वासहा झाले आणि खालून आईची पावले ऐकू आली. मी तिला आईच म्हणते. तिची मुलगी तिला तशी हाक मारायची, ती रोज ऐकून तेच नाव माझ्याही तोंडी बसले. मी स्वतः एक जुने, हिरव्या रंगाचे लाकडी स्टूल आहे. त्यांचे घर दुसऱ्या मजल्यावर, एकूण बत्तीस पायऱ्या. चोविसाव्या पायरीनंतर जिना वळतो, तिथे खिडकीखाली मी उभे असते.

चांगला पाय आधी वर, मग दुखरा त्याच्या शेजारी. एका पायरीला दोन पावले. आई वळणावर आली, माझ्या डोक्यावरचा रोपाचा छोटा डबा दोन्ही तळव्यांत धरून तिने खिडकीत ठेवला आणि ती बसली. उजवा पाय लांब केला. सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवून त्यालाच म्हणाली, "झालं का तुझं समाधान?"

वरून घड्याळदुरुस्तीवाले काका उतरत होते.

"काय वहिनी, आज मुक्काम इथेच?"

"घड्याळवाल्यांनी दुसऱ्याची वेळ मोजू नये," आई म्हणाली. काका हसत खाली गेले.

तेवढ्यात बंद दाराआडून मुलीचा आवाज आला. "आई, आलीस का गं? किती वेळ लावतेस! चहा गार झाला."

"आले, आले! मला काय पंख फुटलेत?"

तिने डबा पुन्हा जागच्या जागी ठेवला, पाने खिडकीकडे वळवली आणि कठडा धरून उरलेल्या आठ पायऱ्या चढली.

त्यानंतर ती माझ्यावर कधीच बसली नाही.

आता माझी हकीकत पहिल्यापासून सांगते. मोडीत निघालेल्या एका कपाटाच्या फळ्यांतून एका सुताराने मला ग्रंथालयासाठी घडवले. वरच्या खणातली पुस्तके काढायला सगळे माझ्यावरच चढत. "बुटकं आहे, पण दणकट आहे," असे ग्रंथपाल म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे. आई तिथे फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती करायची. तेव्हा तिचे गुडघे धड होते; हातात दहा पुस्तके घेऊन ती माझ्यावर सहज चढे. एकदा माझी खालची आडवी पट्टी तडकली. आईने पुस्तक बांधायच्या तपकिरी कापडाची पट्टी घेतली, खळ लावून ती माझ्या तडकलेल्या लाकडावर गुंडाळली आणि वरून दोरा आवळला. "पुस्तकाला चालतं, ते तुला का चालू नये?" म्हणाली.

पुढे लोखंडी शिडी आली आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. कितीतरी वर्षे मी धूळ खात पडले. त्याच खोलीत आई दुपारी पाय वर घेऊन बसायची, म्हणून तिच्या दुखण्याची गोष्ट मला कळली. तिला संधिवात झाला होता. वय झाले म्हणून होतो तो हा नव्हे. शरीराचे पहारेकरी शत्रूला सोडून घरातल्याच माणसांवर हात उगारतात, तसे काहीसे या आजारात होते, असे तिच्या डॉक्टरांनी तिला समजावले होते. आठवड्याची गोळी, दर थोड्या दिवसांनी रक्ततपासणी. काही महिने बरे जात, मग एखाद्या सकाळी गुडघा तापून, फुगून बसे. "आधी मी जागी होते, मग तासाभराने माझे गुडघे," ती सोबतिणीला सांगायची. पण रजा घे म्हटले की तिचा चेहरा मिटून जाई.

घरीही तेच, हे तिच्याच तोंडून ऐकले. तळमजल्यावर घर बघू या, असे मुलगी एकदा बोलून गेली. "मी मोडले की सांगेन," आई म्हणाली. "तोवर मला सांभाळायला घेऊ नकोस." आणि दोन दिवस तिने अबोला धरला.

म्हणून मुलीने ही युक्ती केली. आई घरी झोपून होती त्या आठवड्यात ती ग्रंथालयात पुस्तके परत करायला आली आणि अडगळीत तिला मी दिसले. ग्रंथपालांना विचारून तिने मला उचलले. ओळखू येऊ नये म्हणून हिरवा रंग दिला, वळणावर ठेवले आणि डोक्यावर रोप बसवले. घरी म्हणाली असावी, कुणीतरी रोप ठेवलंय बघ. पण मित्रांनो, एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. मला बांधणारे हात कोणाचे होते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

पहिल्याच संध्याकाळी आई बसली, वाकून तिने पोटरी चोळली आणि तिचा हात माझ्या पट्टीला लागला. रंगाखालचा दोरा बोटांना कळला. तिने तो गाठीपर्यंत चाचपत नेला.

"अच्छा! म्हणजे तू होय," ती हळूच म्हणाली. मग वर दाराकडे पाहिले. "तिला वाटतंय मला कळलं नाही. वाटू दे बापडीला. सांगितलं तर उद्या पिशवीही हातात ठेवायची नाही."

वळणावरून मला त्यांच्या दाराखालची फट दिसते. आई माझ्यावर बसलेली असे, तेव्हा त्या फटीत रोज दोन पावलांची सावली असे. मुलगी दाराला कान लावून उभी राही. आई उठली की सावली पळे, घंटा वाजे आणि मुलगी स्वयंपाकघरातून आल्यासारखी दार उघडे. त्या मंगळवारी चहा गार झाल्याचे ती ओरडली, तेव्हाही सावली तिथेच होती. दोघी एकमेकींना जपत होत्या आणि दोघी गप्प होत्या. मला सगळे ठाऊक होते, पण लाकडाला बोलता कुठे येते?

बुधवारी आईला ताप चढला, श्वास लागला. तिला खुर्चीत बसवून माझ्यासमोरून खाली नेले. चौथ्या दिवशी मुलगी एकटीच जिना चढून आली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. डब्यातले रोप वाळून गेले.

महिन्याभराने जिना झाडणाऱ्या मावशींनी विचारले, "ताई, हे भंगारात देऊ का? आता कोण बसतंय?"

"थांबा," मुलगी म्हणाली. पाय धड आहेत का, हे पाहायला तिने मला उलटे केले आणि ती थबकली. माझ्या आडव्या पट्टीवर तपकिरी कापड होते. नवे. तिने दिलेल्या हिरव्या रंगाच्या वरून चिकटवलेले. हिवाळ्यात पट्टी पुन्हा हलू लागली, तेव्हा आईने आखडलेल्या बोटांनी चार संध्याकाळी बसून ते बांधले होते. तसली गाठ आईशिवाय दुसरे कुणी मारत नाही आणि आईला सगळे ठाऊक होते, हे मुलीला बरोबर कळले.

मित्रांनो, दुखणाईत माणूस घरात असेल तर त्याच्या वाटेत टेकायला काहीतरी ठेवा. आणि ठेवलेत, तर ते तुम्हीच ठेवले, हे त्याला सांगूनही टाका. रंगाखाली लपवू नका.

मावशी गेल्यावर मुलीने मला सरळ केले, रिकामा डबा खिडकीत ठेवला आणि ती पहिल्यांदाच माझ्यावर बसली. उजवा पाय लांब करून तिने वर दाराकडे पाहिले. दाराखालची फट रिकामी होती.

"आई," ती मोठ्याने म्हणाली, "मी दाराआडच असायचे गं. रोज."