तिसऱ्यांदा विचारलंच नाही

आमच्या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं, तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नकोच. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, तुम्हाला त्रास नसेल तर," म्हणून घ्यायचं. मग ती कॉफी असो, नाहीतर नोकरी.

मी तशीच कामावर परत गेले होते. माझी मुलगी मॅरिट झाल्यावर पाच वर्षं मी विमा कंपनीचे कागद घरी आणून टाइप केले, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. ती टेबलाखाली कार्बन पेपर घेऊन बसायची. बोटं सदा निळी. मग तिथल्या हॅल्वरसन साहेबांनी ऑफिसात बोलावलं. तिसऱ्यांदा विचारायला तर ते भर बर्फात दाराशी आले. "तुमची अडचण होणार नसेल तर येते," मी म्हटलं. मनातून मात्र केव्हाच कोट चढवला होता.

आता मॅरिट अठ्ठावन्न वर्षांची आहे. तीही विमा कंपनीतच आहे. कोविडमध्ये ऑफिसं बंद झाली तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली आणि वरच्या खोलीतून काम करू लागली. यंदा कंपनीने सांगितलं, आठवड्यातून तीन दिवस सेंट पॉलच्या ऑफिसात या, नाहीतर कायमचं घरून करा. शुक्रवारपर्यंत कळवा.

गुरुवारी ती जेवायला खाली आली आणि नुसती काटा फिरवत बसली.

"काय झालं गं?"

"क्लेने माझं टेबल दुसऱ्याला दिलं. मला घरून काम करायचा फॉर्म पाठवलाय."

क्ले तिचा नवा साहेब. टेक्ससचा.

"त्याने विचारलं नाही तुला?"

"विचारलं ना. मी म्हटलं, नको, कुणा गरजूला द्या, माझं चाललंय."

"आणि?"

"तो म्हणाला, ठीक आहे."

"दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही, आई!"

मला हसू आवरेना. "अगं, टेक्ससचा माणूस तो! त्याला नको म्हणजे नकोच वाटणार."

"हस तू. फॉर्ममध्ये कारण लिहायचंय. तुझंच लिहिते. म्हातारी आई."

"खबरदार! मी काय तुझ्या पायातली बेडी आहे? तुला जायचंय की नाही, ते बोल."

"तू एकटी पडशील."

"ते मी नाही विचारलं."

तिने काटा खाली ठेवला. "जायचंय. वर दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकते मी."

वरचा तो आवाज मला खाली ऐकू यायचा. त्याच्या सोबतीने माझी दुपार जायची. ते मी बोलले नाही.

"लाव फोन," म्हटलं. "आणि त्रास नसेल तर वगैरे काही नको."

तिने फोन लावला. "क्ले, तुम्ही कामात असाल तर…" मी टेबलावर थाप मारली. तिने डोळे मिटले. "मला ऑफिसात यायचंय. टेबल हवंय."

पलीकडून तो मोठ्याने बोलत होता, मलाही ऐकू आलं. "मग आधीच सांगायचं ना! आता फक्त प्रिंटरशेजारचं उरलंय. फार आवाज असतो तिथे. चालेल?"

"हो," मॅरिट म्हणाली. पहिल्याच विचारण्याला.

मंगळवारी सकाळी साडेसहाला ती गाडी घेऊन निघाली. मी भांडी आवरली आणि रेडिओ लावला, जरा मोठा.