ऑस्वल्ड मिस्त्रीचा सांधा

मी एका जुन्या मोटारीतला तारांचा जुडगा बोलतोय. बॅटरीतली वीज दिव्यांना, भोंग्याला, इंजिनाला पोचवायची हे माझं काम. गॅरेजातली माणसं मला हार्नेस म्हणतात. बाकीची माणसं मला काहीच म्हणत नाहीत, कारण मी त्यांना दिसतच नाही. मोटार विकत घेताना माणूस गाद्या दाबून बघतो, दारं आपटून बघतो, भोंगा वाजवून बघतो. भोंगा कुणाच्या जिवावर वाजला, याची चौकशी कोणी करत नाही. असो. सध्या मी ठाण्याला चरईत, ऑस्वल्ड मिस्त्रीच्या ओटीवर खिळ्याला टांगलेला आहे, आणि मला सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

माझा जन्म विलायतेतला. एका लांब फळीवर खिळे ठोकलेले असत. त्या खिळ्यांमधून लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या सुतानं मढवलेल्या तारा ओढून मला गुंफलं आणि वरून सुती कापड विणून घातलं. मग बोटीतून मुंबई, तिथं एका साहेबाची नोकरी. साहेब मायदेशी निघाला तेव्हा, एकोणपन्नास साली, ती मोटार ठाण्याच्या डॉक्टर श्रीपाद टिपणीसांनी घेतली. नौपाड्यात घर, खालीच दवाखाना. डॉक्टर माणूस सज्जन, पण तापट. गाडी चालवताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायची सवय, त्यामुळे त्यांच्या मनातलं मला सगळं कळायचं.

दसऱ्याला मोटारीची पूजा व्हायची. डॉक्टरांच्या पत्नी मंदाकिनीबाई पुढं हार घालायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायच्या. पण तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे.

"अहो, झाकण उघडा ना जरा."

"अगं, आत काय आहे? तेल आणि काजळी!"

"गाडीचा जीव आत आहे. देवाला बाहेरून हार घालून नैवेद्य दारातच ठेवतो का आपण?"

डॉक्टर हसत झाकण उघडायचे. बाई इंजिनाला हळदकुंकू लावायच्या, मुठीनं कुंकवाच्या अक्षता टाकायच्या, आणि इंजिनामागच्या पत्र्याच्या कोनाड्यात, अगदी माझ्याशेजारी, खोबरं आणि खडीसाखर ठेवायच्या. खरं सांगू? मला फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांत माझ्याकडे कौतुकानं बघणारं ते पहिलंच माणूस.

दोनेक वर्षांनी माझी एक तार पत्र्यावर घासून झिजली आणि भोंगा मुका झाला. चरईतल्या ऑस्वल्ड परेराला बोलावलं. वडील खाडीवर मासे धरणारे, हा मात्र विजेच्या कामात पडलेला. त्याचे हात मी विसरणार नाही. छोटा दिवा आणि बॅटरी घेऊन त्यानं माझी एकेक तार तपासली. झिजलेला तुकडा काढला, नवी तार जोडली, कथिलानं सांधा पक्का केला आणि वरून मेणाच्या दोऱ्यानं गुंडाळला. दोऱ्याला गाठ मारली ती वडिलांकडून आलेली, जाळ्याची गाठ. ती ओढावी तेवढी घट्ट होते.

"हा सांधा किती टिकेल रे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाडी मोडीत जाईल डॉक्टरसाहेब, सांधा नाय जायचा."

भोंगा वाजला तशा मंदाकिनीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी ऑस्वल्डच्या हातावर पेढा ठेवला. डॉक्टर महिनाभर भेटेल त्याला त्या सांध्याचं कौतुक सांगत होते. ठाण्यातल्या निम्म्या मोटारी मग ऑस्वल्डच्या शेडसमोर उभ्या राहू लागल्या.

आता माझी चूक सांगतो. त्रेपन्नच्या दसऱ्यानंतर एक उंदरीण खोबऱ्याच्या वासानं आत आली. खोबरं संपलं, मग खडीसाखर, मग ती अक्षतांवर आली. तिथंच तिनं माझं कापड कुरतडून घरटं केलं. सहा पिल्लं झाली. माझ्या सुतात ती गरम गरम निजायची. मला राग यायला हवा होता. मला लळा लागला. आणि ती माझ्या मुख्य तारेवरचं कापड रोज थोडं थोडं खात होती.

पौषात एका सकाळी कळव्याचा भिवा धावत आला. बायको बाळंतपणात दोन दिवस अडलेली. डॉक्टर त्याला शेजारी बसवून निघाले. कळव्याच्या पुलाशी गाडीला धक्का बसला, माझी उघडी तार पत्र्याला टेकली आणि मी जळालो. धूर झाला, गाडी जागच्या जागी मेली. डॉक्टरांनी हँडल मारून मारून पाहिलं आणि शेवटी पेटी उचलून भिवाबरोबर पळत सुटले.

दुपारी ते परत आले आणि नुसतेच गाडीत बसले. "मुलगी होती," ते म्हणाले. "पाऊण तास आधी पोचलो असतो तर रडली असती." भिवाची बायको वाचली होती. डॉक्टर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.

बातमी ऐकून ऑस्वल्ड सायकल मारत पुलावर आला.

"डॉक्टरसाहेब, उघडून बघू द्या. माझा सांधा नाय तो."

"हात लावू नकोस गाडीला! तुझ्या सांध्यानं एक जीव घेतला."

"एकदा उघडून तर बघा!"

डॉक्टरांनी उघडलं नाही. बैल जुंपून गाडी घरी नेली आणि दुसऱ्याच कुणाकडून बाहेरून एक नवी तार ओढून घेतली. मी आत जळका, कुरतडलेला तसाच राहिलो. दवाखान्यात मात्र येणाऱ्या प्रत्येकाला ते पुलावरची गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत, "मिस्त्रीनं दगा दिला." डॉक्टरांचा शब्द! शेडसमोरच्या मोटारी एकेक करून कमी झाल्या. वर्षभरात ऑस्वल्डनं शेड बंद केली आणि तो मिठागरावर कामाला लागला. मला वाचा असती तर मी तेव्हाच ओरडलो असतो. मला फक्त भोंगा वाजवता येत होता, आणि भोंग्याची भाषा कुणाला कळते?

छप्पन साली एकदा दिवे, एकदा भोंगा, एकदा इंजिन असं सगळंच रुसायला लागलं. डॉक्टर गाडी कल्याणला गोपीनाथ कारागिराकडे घेऊन गेले. तो म्हणाला, सगळं वायरिंग नवं भरू. त्यानं मला सोडवून बाहेर काढलं आणि बाकावर पसरून माझ्या मापानं नव्या तारा कापल्या. काम आटोपल्यावर त्यानं मला उचलून झटकलं. माझ्यातून उंदराच्या लेंड्या पडल्या, सुताचा बोळा पडला आणि त्याबरोबर तांदळाचे दाणे. कुंकवाचे, लाल.

"अरेच्चा, इथं लग्न लागलं होतं की काय?" गोपीनाथ हसला. मग त्याला सांधा दिसला. "हा बघा डॉक्टर, काय काम आहे! ही जाळ्याची गाठ. आजूबाजूचं सगळं खाल्लंय, जळलंय, हा जसाच्या तसा. कुणी केला हो?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक लाल दाणा उचलला, तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली.

परतीच्या वाटेवर त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला थेट चरईत आणलं. दार व्हिक्टोरियानं, ऑस्वल्डच्या बायकोनं उघडलं.

"तवा गाडी उघडून बघितली नाय, आता हे कशाला आणलं?" ती म्हणाली आणि आत गेली.

ऑस्वल्डनं मला मांडीवर घेतलं. बोट बरोबर सांध्यावर गेलं.

"माझं चुकलं," डॉक्टर म्हणाले. "गाडीचं काम पुन्हा बघाल का? शेड परत उघडा. मी पाठीशी उभा राहतो." डॉक्टर त्याला 'तुम्ही' म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

ऑस्वल्डनं दोन्ही हात पुढं केले. मिठानं बोटांना भेगा पडल्या होत्या, टोकं सुजून बधिर झाली होती. डॉक्टरांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"काम जाऊ द्या," तो म्हणाला. "नाव तेवढं परत द्या. ज्यांना सांगितलंत त्यांना सांगा."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर डॉक्टर आमची पायरी चढले ते दसऱ्याला. हातातली आपट्याची पानं त्यांनी ऑस्वल्डला दिली.

"आज पूजा झाल्यावर मी गुपचूप आतलं खोबरं आणि सगळ्या अक्षता वेचून काढल्या," ते म्हणाले. "मंदाला कळू दिलं नाही."

"आणि माझं? माझं कुणाला सांगितलंत?"

डॉक्टर म्हणाले, "सांध्याचा दोष नव्हता म्हटलं की लोक विचारणार, मग कशाचा? उंदीर म्हटलं की आत कशाला शिरले? नैवेद्याच्या वासानं. तिला लगेच उमजेल, ऑस्वल्ड. भिवाची मुलगी ती जन्मभर डोक्यावर घेऊन बसेल. माझ्या तोंडून शब्द फुटत नाही."

मला वाटलं, आता हा पानं फेकून देणार. ऑस्वल्डनं ती नीट घडी करून खिशात ठेवली.

"बाईंनी पेढा दिलेला मला," तो म्हणाला. "नका सांगू."

डॉक्टर गेल्यावर त्यानं मला या खिळ्याला टांगलं. व्हिक्टोरिया माझ्या एका टोकाला ओला पंचा वाळत घालते. संध्याकाळी ऑस्वल्ड ओटीवर बसला की त्याचा हात आपोआप वर येतो आणि सांधा चाचपतो. बोटांना आता फारसं कळत नाही, तरी चाचपतो.

ते दोघं बोलणार नाहीत, म्हणून मी बोललो. तुम्ही कधी नौपाड्यात गेलात आणि कुणी कळव्याच्या पुलाची गोष्ट काढली, तर एवढं सांगा, की सांधा चांगला होता, अजून चांगला आहे. मग कशानं झालं असं विचारलं, तर गप्प बसा. मंदाकिनीबाई आसपास असतील.